गप्पी माशांची दृष्ट

माशांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असायची. कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या पलीकडे ती खोली होती. सकाळी साडेआठला मी कुलूप काढायचे, आधी खिडकी उघडायचे आणि मग थोडा वेळ नुसती उभी राहायचे. भिंतीला लागून दोन फळ्यांवर काचेच्या बारा टाक्या मांडलेल्या होत्या. उजेड आत आला की मासे काचेजवळ गोळा व्हायचे. मी आले म्हणून जवळ येणारं त्या काळात दुसरं कुणी नव्हतं. त्यांना खायला हवं असायचं हे कळत होतं, तरी बरं वाटायचं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि भावाकडे राहत होते. भाऊ नागापूरला एका कारखान्यात लेथवर होता. आमचं गाव खर्ड्याच्या बाजूचं. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढच्या शाळेला दुसऱ्या गावी चालत जावं लागे. माझी चौथी झाली त्याच उन्हाळ्यात ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका आला. मग बोटांवर आला, मग मनगटावर. शाळेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याआधी आई दर शनिवारी माझी दृष्ट काढायची. दिवेलागणीला मला उंबऱ्याजवळ बसवायची, मुठीत खडेमीठ आणि मोहरी घेऊन डोक्यावरून पायापर्यंत तीनदा उतरवायची आणि मूठ चुलीत टाकायची. तडतड आवाज आला की म्हणायची, बघ, केवढी लागली होती. कोड दिसायला लागल्यावर तिनं ते बंद केलं. एका शनिवारी मी आपली सवयीनं उंबऱ्याजवळ जाऊन बसले आणि ती आत भाकरी थापत राहिली. थोड्या वेळानं मी उठले.

पुढे मला बघायला तीनदा माणसं आली. तिन्ही वेळा मी खाली मान घालून पोह्यांच्या बशा दिल्या, त्यामुळे त्या तिघांचे चेहरे मला माहीत नाहीत. एकाच्या पायात नव्या चपला होत्या आणि अंगठ्याला पट्टी होती, एवढं आठवतं. तिसऱ्या वेळी कुणीतरी बाही वर करायला सांगितली. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि वडील गेल्यावर भाऊ मला नगरला घेऊन आला. भावजय वाईट नव्हती. पण पाहुणे यायचे असले की कणीक ती स्वतः मळायची आणि मला म्हणायची, वन्सं, तुमी जरा कपडे वाळत घाला.

कॉलेजातलं काम भावाच्या ओळखीनं मिळालं. काचसामान धुणं, झाडणं, टाक्यांचं पाणी बदलणं. पोरं मला मावशी म्हणायची. जिच्या हाताखाली काम होतं ती बाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. तिला सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणायचे. ती मात्र मला ताई म्हणायची. प्राणिशास्त्र शिकवायची आणि मोठ्या पदवीसाठी माशांवर अभ्यास करत होती. त्यासाठी कॉलेजनं तिला दोन वर्षं शिकवण्यातून मोकळं केलं होतं.

मासे काही फार भारी नव्हते. गप्पी मासे. हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला हौदात, विहिरीत सोडतात तेच. मॅडमनं त्यांच्याच हौदातून डबा भरून आणले होते. मादी मोठी, करड्या रंगाची, पोटाशी काळसर डाग. नर तिच्या निम्म्यानं आणि अंगावर नारिंगी, निळे ठिपके, जसं कुणी कुंचला झटकला असावा. मला आधी उलटं वाटलं होतं. नटणारी ती बाई, असं माझ्या डोक्यात होतं. मॅडम म्हणाली, इथे नटायचं काम नराचं आणि निवडायचं काम मादीचं.

तिचा अभ्यास त्यावरच होता. टेबलावर एक लांबट टाकी वेगळी होती. तिच्या दोन टोकांना दोन काचा आडव्या लावून दोन कप्पे केलेले. एका कप्प्यात एक नर, दुसऱ्यात दुसरा, मधे मादी. बाहेरच्या काचेवर स्केचपेननं दोन रेघा मारल्या होत्या. मादी डावीकडच्या रेघेच्या पलीकडे आहे, उजवीकडच्या, की मधे, हे दर अर्ध्या मिनिटाला लिहायचं. मॅडम स्वतः बसली की मासे बिचकायचे, कारण ती सारखी खुर्ची हलवायची, चष्मा पुसायची. एक दिवस मी कोपऱ्यात फडकी पिळत उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ताई, तुम्ही बसून बघा बरं.

मला गप्प बसता येतं. तेवढं एक मला नीट येतं. मी बसले आणि मादी जणू कुणी नाहीच अशी फिरायला लागली. तेव्हापासून ते काम माझं झालं. मॅडमनं मला वही आखून दिली. डावा, मधला, उजवा असे रकाने, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. काही वेगळं दिसलं तर तिथे लिहायचं, असं तिनं सांगितलं होतं. मी काड्या मारायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शेरा कधी लिहिला नाही. माझं अक्षर तिच्या अक्षराशेजारी बघायला लाज वाटायची.

त्या टाकीसमोर मी किती तास बसले त्याचा हिशोब नाही. नर काचेमागे अंग वाकवायचा, पंख पसरायचा, थरथरायचा. मादी यायची, बघायची, निघून दुसऱ्या टोकाला जायची, पुन्हा यायची. तिला घाई नसायची. कुणी तिला लवकर सांग म्हणत नव्हतं. आणि बहुतेक वेळा जास्त नारिंगी असेल त्याच्याकडेच ती थांबायची. डबा खाताना मॅडम मला हे समजावून सांगायची. माझ्याशिवाय त्या खोलीत ऐकायला कुणी नव्हतं आणि तिच्याशिवाय माझ्याशी बोलायला. नारिंगी रंग खाण्यातून येतो, ती म्हणायची, शेवाळातून, बारीक जीवांतून. ज्याला मिळवता येतं त्याच्यावर चढतो. आणि नटण्याचा, नाचण्याचा जोर अंगातल्या एका रसामुळे येतो, हार्मोन म्हणतात त्याला. पण तोच रस जास्त झाला की रोगाशी लढायची ताकद कमी पडते, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. म्हणजे रंग मिरवायचा तर दुखण्याला दार उघडं ठेवायचं. इतकं करूनही जो धडधाकट दिसतो तो खरा तगडा, आणि मादी बहुधा तेच ओळखत असावी.

हे खरं का खोटं, ते तिला बघायचं होतं. म्हणून बारापैकी सहा टाक्यांतल्या नरांना हार्मोन लावलेलं खाणं आणि सहांतल्या नरांना साधं. औषधाच्या डब्याला लाल झाकण, साध्याला पांढरं. मी झाकणं बघून चिमूटचिमूट घालायचे. महिन्याभरात लाल झाकणवाले असे झळकायला लागले की वरच्या वर्गातली पोरं खिडकीतून बघायला यायची. पांढऱ्या झाकणवाल्यांकडे कुणी बघत नव्हतं. ते आपले फिक्कट, पाण्याच्या रंगाचे.

एकदा टाकी धुताना माझ्या बाह्या वर होत्या. मॅडम हातांकडे बघत होती. मी ओढून घेतल्या. ती म्हणाली, "ताई, हे तुमच्या अंगातल्या राखणदारांचं काम असावं. रोगाशी लढायला असतात ते चुकून आपल्याच रंगावर उठतात. तुमचं काही चुकलेलं नाही." एवढं बोलून तिनं जाळी उचलली आणि मासे मोजायला लागली. माझ्या हातांबद्दल इतक्या सरळ कुणी बोललं नव्हतं. मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते.

दिवाळीनंतर मॅडमनं मासे आजारी पाडले. म्हणजे बाजारातून एक रोगट मासा आणून त्याच्या अंगावरचे बारीक किडे सगळ्या टाक्यांतल्या नरांवर चढवले. किडे डोळ्यांना दिसत नाहीत. मायक्रोस्कोपखाली तिनं मला दाखवले. जळवेसारखे, चिकटून वळवळणारे. आता कुणाला किती झेपतं ते बघायचं होतं. दर दोन दिवसांनी ती मासा काचेच्या बशीत घेऊन किडे मोजायची. आठवड्यातच लाल झाकणवाले खंगायला लागले. पंख मिटून घेतलेले, काचेला, दगडाला अंग घासत राहायचे. त्यातला एक माझ्या फार ओळखीचा होता. शेपटीशी सूर्यासारखा ठिपका असलेला. सकाळी सगळ्यांत आधी काचेला येणारा तो, आता तळाशी पडून असायचा.

मला औषध-रस सगळं सांगितलेलं होतं. मी ते ऐकलं होतं, मान डोलावली होती. तरी त्याला तसा बघितल्यावर माझ्या मनात दुसरंच आलं. इतकी पोरं रोज खिडकीशी येऊन बघतात, इतका देखणा, त्याला लागणार नाही तर काय.

तो शनिवार होता. कॉलेज दुपारीच सुटलं. मॅडम लवकर गेली होती. मी घरून येताना पदराच्या गाठीत खडेमीठ आणि मोहरी आणली होती, म्हणजे मनाशी ठरवूनच आले होते. त्या टाकीपुढे मूठ धरली आणि तीनदा उतरवली. आईचे शब्द पुटपुटले, आल्यागेल्याची, घरच्या-दारच्यांची. मग पंचाईत झाली. खोलीत विस्तव कुठे. आई म्हणायची, चूल नसेल तर पाण्यात सोडावं, मीठ विरघळतं तशी दृष्ट विरघळते. माशाचं तर घरच पाण्याचं. मी मोहरी बाजूला काढली आणि मीठ टाकीत सोडलं. मग वाटलं, एकाचीच कशी काढायची, हे सगळेच देखणे. लाल झाकणाच्या सहाही टाक्यांना एकेक मूठ झाली. मंगळवारी पुन्हा, शनिवारी पुन्हा.

ते बरे झाले. दुसऱ्या शनिवारनंतर मॅडम मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढून म्हणाली, किडे कुठे गेले. पुन्हा बघितलं, दुसरा मासा घेतला. लाल झाकणवाल्यांवर एकही किडा नव्हता. पांढऱ्या झाकणवाल्यांतले निम्मे आपले आपण सावरले होते, निम्मे मेले होते. सगळं उलटं झालं, ती म्हणाली. हार्मोननं ताकद कमी व्हायला हवी होती, इथे वाढलेली दिसते. असं अजून कुणाला दिसलं नसेल. मी तिला इतकी खूष कधी बघितली नव्हती. तिनं कँटीनमधून दोन चहा मागवले. पोरानं एक कप तिला दिला आणि दुसरा टेबलावर ठेवून गेला, माझ्या हातात द्यायचं टाळून. मॅडमनं तो उचलून माझ्या हातात दिला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पुढच्या सोमवारी ती पुण्याला तिच्या सरांना हे दाखवायला जाणार होती. ताई, यात निम्मी मेहनत तुमची, असं म्हणाली.

मी कप तसाच टेबलावर ठेवला आणि फडकी पिळायला गेले.

मला मीठ म्हणजे काय ते तेव्हाच कळलं असं नाही. दृष्ट उतरली म्हणून बरे झाले असंच मला आधी वाटत होतं, आणि आतून आनंदही होता. पण ती जे जे सांगत होती त्यात मीठ नव्हतं. तिच्या वहीत लाल झाकण होतं, पांढरं झाकण होतं, किड्यांचे आकडे होते. मी केलेलं कुठेच नव्हतं. काड्या मारताना तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जे झालं ते लिहायचं, जे व्हावंसं वाटतं ते नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. रोज ठरवायचे की आज सांगायचं. ती आली की मी बादली घेऊन पाण्याला जायचे. सांगितलं तर ही खोली जाईल, किल्ली जाईल, समोर बसून बोलणारं एक माणूस जाईल. मग नागापूरच्या दोन खोल्या आणि वाळत घालायचे कपडे. न सांगितलं तर यातलं काहीच जाणार नव्हतं. ती सरांना खोटं सांगून येईल, आणि ते खोटं आहे हे तिलाही कधी कळणार नाही. मला मात्र तिच्यासमोर रोज बसावं लागेल.

घरी मी जेवत नाही हे भावजयीच्या ध्यानात आलं. ती भावाला म्हणाली, माशांपायी उपाशी ऱ्हातील आता वन्सं, माणूस तर धरवला न्हाई. भाऊ हसला नाही.

शनिवारी मॅडम वह्या पिशवीत भरत होती. मी म्हटलं, माझी वही राहिली. ती घेऊन मी खिडकीशी गेले आणि शेवटच्या पानावरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. रकाना अरुंद होता, अक्षरं खाली खाली उतरत गेली. 'मी लाल झाकणाच्या टाक्यांत तीन वेळा मीठ टाकले. प्रत्येकी एक मूठ.' वही उघडीच तिच्यापुढे ठेवली आणि बादली उचलून बाहेर जायला लागले.

"थांबा," ती म्हणाली.

मी दाराशी उभी राहिले. तिनं दोनदा वाचलं. मग पेन काढून विचारायला लागली. कोणत्या वारी, किती वाजता, खडेमीठ की बारीक, मूठ किती मोठी. मी मूठ दाखवली. ती लिहीत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मिठानं हे किडे मरतात, ती शेवटी म्हणाली. तिला कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं आठवलं. मला वाटलं आता किल्ली मागेल. मी कमरेची सोडून हातात धरली होती.

"मीठ का टाकलंत?"

"दृष्ट काढली त्यांची."

"मग पांढऱ्या झाकणवाल्यांची का नाही काढलीत? तेही आजारीच होते."

मला प्रश्नच कळला नाही. "त्यांना कुणाची लागणार, मॅडम?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला. पुसून झाल्यावरही पुसत होती.

ती पुण्याला गेली आणि सरांना सगळं सांगून आली. सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. मोकळीक मिळालेल्या दोन वर्षांपैकी एक गेलंच होतं. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. मात्र डबा खाताना पूर्वीसारखं समजावून सांगणंही थांबलं. ती कागदांत डोकं घालून खायची, मी माझ्या कोपऱ्यात. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. नवे मासे आले, लाल-पांढरी झाकणं पुन्हा सुरू झाली. मी किल्ली टेबलावर ठेवून बघितली होती. ती म्हणाली, तुमच्याकडेच राहू द्या, सकाळी उघडणार कोण.

दुसऱ्या वेळी किडे चढवले तेव्हा उन्हाळा लागला होता. या वेळीही लाल झाकणवालेच आधी खंगले. त्यांच्यात शेपटीशी ठिपकेवाला एक होताच, तो नव्हे, पण तसा. शनिवार आला. कॉलेज सुटलं, मॅडम गेली, किल्ली माझ्याकडे होती. स्टाफरूममध्ये काकड्यांसाठी ठेवलेली मिठाची बरणी होती, तीही मला माहीत होती. मी खुर्ची घेऊन त्याच्या टाकीपुढे बसले. तो तळाशी होता. मला बघून एकदा वर आला, काचेला तोंड लावलं, आणि पुन्हा खाली गेला. मी हात पदराखाली घेऊन बसून राहिले. पावणेपाचला तो आडवा झाला. मी वही उघडली, त्याच्या टाकीच्या रकान्यात काडी मारली, आणि शेऱ्यात वेळ लिहिली. आता शेरा लिहायची मला लाज वाटत नव्हती.

लाल झाकणवाल्यांतले बरेचसे गेले, थोडेच तगले. पांढऱ्यांतले बरेचसे राहिले. मॅडमनं आकडे दोनदा तपासले आणि म्हणाली, असंच यायला हवं होतं. आवाजात आनंद नव्हता, पण त्या दिवशी तिनं डब्यातला लाडू अर्धा करून मला दिला, आणि तगलेल्यांबद्दल बोलत बसली.

पुढच्या वर्षी ती दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली. खोलीत मोडके बाक ठेवायला लागले. मला वर्ग झाडायचं काम मिळालं. टाक्या रिकाम्या करायच्या दिवशी तिनं विचारलं होतं, मासे हवेत का. मी पांढऱ्या झाकणाचे नर आणि चार माद्या बरणीत घेतल्या आणि घरामागच्या हौदात सोडल्या. भावजय वाकून बघून म्हणाली, रंग न रूप, कशाला आणले हे. भाऊ म्हणाला, डास तर खातील.

मी भांडी घासायला हौदावर जायचे तेव्हा बघत बसायचे. काच नव्हती, रेघा नव्हत्या. फिक्कट नर पंख पसरून थरथरायचे आणि माद्या येऊन थांबायच्या. कोण कुणाकडे किती वेळ थांबली ते मी लिहून ठेवलं नाही. दीड महिन्यानं कडेच्या शेवाळात पिल्लं दिसली, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे असलेली, पंचवीस-तीस तरी. त्यांत नर किती, माद्या किती, कुणावर नारिंगी चढणार आणि कुणावर नाही, हे कळायला अजून महिना होता. तोवर सगळी सारखीच दिसत होती.